‘तुका काय बाबा, सरकार पोसता’ म्हणण्याआधी

तालुक्याच्या गावाहून रिक्षा वाडीत येते. मागच्या सीटवर भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं. बांधकाम कामगार मंडळाकडून मिळालेला भांड्यांचा संच : ताटं, वाट्या, पातेली, परात, कुकर, कढई, सगळे मिळून ३० नग. खोकं गवंड्याच्या पडवीत उतरतं आणि समोरच्या घरात त्याचा शाळेपासूनचा मित्र, पतसंस्थेत लिखापढी करणारा, ते बघत असतो. संध्याकाळी नाक्यावर चारचौघांत तो बोलून जातो, ‘तुका काय बाबा, सरकार पोसता.’ म्हणजे, तुझं काय बाबा, तुला सरकार पोसतंय. गवंडी हसतो, पण पुढच्या सोमवारी भजनाला येत नाही.

कुडाळ-कणकवलीपासून दापोली-श्रीवर्धनपर्यंत हे वाक्य गेल्या काही वर्षांत फार ऐकू येतं. बोलणारा वाईट माणूस असतो असं मला अजिबात वाटत नाही. तो बारा महिने राबतो, पगारातून कपात सोसतो, आणि ज्याला मदत मिळते त्याच्या घरात नवा मिक्सर बघतो. त्याच्या मनात येतं त्यात काहीतरी खरं आहे. पण ते कितपत खरं आहे हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून मांडू या.

गवंड्याचं घर पाच माणसांचं धरा : तो, बायको, दोन मुलं आणि सत्तरीची आई. लाडकी बहीण योजनेचे बायकोला महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८,०००. सातबारावर नाव असेल तर पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, मिळून १२,०००. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य फुकट, म्हणजे महिन्याला २५ किलो; बाजारात किलोला सरासरी ३५ रुपये धरले तर वर्षाचे १०,५००. उज्ज्वलाचा गॅस असेल तर सिलिंडरमागे ३०० प्रमाणे ९ सिलिंडरचे २,७००. झाले ४३,२००. त्यावर आईचं श्रावणबाळ योजनेचं मानधन १५०० महिना, म्हणजे आणखी १८,०००. एकूण ६१,२००. महिन्याला ५,१००, आणि घरातल्या माणशी दिवसाला ३४ रुपये. हा आकडाही सगळं वेळेवर आलं, एकही हप्ता अडकला नाही, तरच.

गवंड्याची मजुरी दिवसाला ९०० धरा. कोकणात पावसाळ्याचे चार महिने बांधकाम जवळजवळ बंद. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला २० दिवस काम लागलं तर वर्षाचे १,४४,०००.

आता मित्राकडे या. त्याच्याही घरात पाच माणसं, त्याचीही आई सत्तरीची. पगार १४,०००, सगळा मूळ पगार समजा. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० जातात, व्यवसाय कराचे २०० जातात, फेब्रुवारीत ३००. हातात १२,१२०. वर्षाचे १,४५,३४०. म्हणजे रोख कमाईत दोघे जवळपास सारखेच. मदतीचे ६१,२०० बाजूला ठेवले तर फरक हजार-दीड हजाराचा.

आता जी रक्कम तो मोजत नाही ती. मालकही त्याच्या नावाने महिन्याला १,६८० भरतो, वर्षाला २०,१६०. हे पैसे पडवीत खोक्यातून उतरत नाहीत, कुणाला दिसत नाहीत, त्यालाही पासबुक बघितल्याशिवाय दिसत नाहीत. यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, उरलेल्यावर व्याज चढतं. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. दहा वर्षं सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. गवंड्याला साठीनंतर शिडीवर चढता येणार नाही, आणि ६५ पूर्ण होईपर्यंत श्रावणबाळही नाही. मधल्या वर्षांचं काय, हा प्रश्न त्याच्या घरात रोज असतो. तो नाक्यावर सांगत नाही, एवढंच.

पुढचा हिशेब खरा महत्त्वाचा. पतसंस्थेतल्या मित्राची बायकोसुद्धा लाडकी बहीण योजनेत बसत होती. मर्यादा कुटुंबाच्या वर्षाच्या अडीच लाखांची आहे आणि त्याचा पगार वर्षाला १,६८,०००. पांढरं कार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखला लागत होता, पिवळ्या-केशरीला तोही नाही. अर्ज १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत घेतले गेले. ‘आपण नोकरीवाले, आपल्याला कोण देणार’ असं धरून कितीतरी घरांनी फॉर्म आणलाच नाही. पीएम किसान आणि नमो शेतकरीलाही खासगी नोकरी आड येत नाही. आयकर भरणारे, सरकारी नोकरदार, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, डॉक्टर-वकील-इंजिनीअर अशांना त्या बंद आहेत. म्हणजे या सगळ्या योजना त्याच्या घरातही येऊ शकत होत्या. त्याला खरोखर न मिळणारं काय उरतं? धान्य १०,५००, गॅस २,७००, आईचे १८,०००. एकूण ३१,२००. त्यातून मालकाने भरलेले २०,१६० वजा केले तर ११,०४०. महिन्याला ९२० रुपये.

मैत्री तुटायला लागली होती ती या ९२० रुपयांवरून. ही रक्कम लहान आहे असं मी म्हणणार नाही. १२,००० वर चालणाऱ्या घरात ९२० म्हणजे मुलाच्या शिकवणीची फी. पण नाक्यावर जो आकडा मनात धरून बोललं जातं, त्याच्या आसपासही ती नाही.

तरी मित्राची एक तक्रार पूर्ण खरी आहे आणि ती झाकून उपयोग नाही. गवंड्याचे १,४४,००० कुठल्याच कागदावर नाहीत. नियमाचं बोट धरून गेलं तर ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा वर्षाला ४४,००० आहे. ९०० रोजाने ४९ दिवसांत ती ओलांडली जाते. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा तर कुटुंबाला वर्षाला २१,००० : गवंड्याचे २४ दिवस. घरात एक जरी धडधाकट कमावता माणूस असेल तर हा आकडा पाळला जाणंच शक्य नाही. मग तहसीलमधून ‘२१ हजारांचा दाखला’ निघतो. सगळ्यांना ठाऊक असतं की त्या आकड्यावर कुणाचं घर चालत नाही. ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्याला असा दाखला मागायची सोय नाही. त्याचं उत्पन्न दिसतं, गवंड्याचं दिसत नाही, आणि योजना दिसणाऱ्या उत्पन्नावर चालते. अन्याय आहे तो इथे, उत्पन्नाच्या मर्यादेच्या आकड्यात. पोटाला लागणाऱ्या पैशापासून ती मर्यादा इतकी दूर ठेवली आहे की प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि गरजू माणसाला खोटं लिहावं लागतं. ग्रामसभेत ठराव करायचा तर या मर्यादेवर करा. गवंड्याच्या आईचे १५०० बंद झाल्याने पतसंस्थेतल्या मित्राच्या आईला ते मिळत नाहीत.

असे काठावरचे प्रकार आणखीही आहेत. लाडकी बहीण योजनेत कुटुंबात कुणाच्याही नावावर चारचाकी असली की बाद, ट्रॅक्टर सोडून. त्यामुळे मासळी पोचवायला कर्जावर जुनी ओम्नी घेतलेल्याची बायको बाहेर आणि तीनचाकी रिक्षावाल्याची आत, मग रिक्षाचा धंदा दुप्पट का असेना. ओम्नीवाल्याचा राग समजण्यासारखा आहे. पण रिक्षावाल्याने त्याच्याकडून काही घेतलेलं नाही.

रेशन कार्डावरचा शिक्का हा तर वाडीवाडीतला जुना वाद. दोन केशरी कार्डं शेजारी ठेवा. रंग तोच, पानं तीच, एकावर जांभळ्या शाईत ‘प्राधान्य कुटुंब’ असा आडवा शिक्का, कडेला थोडा फिस्कटलेला. दुसऱ्यावर नाही. एवढ्याशा शाईवरून एका घरात २५ किलो धान्य येतं आणि दुसऱ्यात येत नाही. कारण बहुतेकांना माहीत नसतं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आणि महाराष्ट्रात त्यात ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के माणसं बसवायची असं ठरलं, तेही २०११ च्या जनगणनेवरून. त्यालाच पुरवठा शाखेत इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की नवं नाव आत घ्यायला जुनं नाव निघावं लागतं. ज्यांना सुरुवातीलाच शिक्का मिळाला ते आत राहिले. नंतर वेगळ्या चुली झाल्या, मुलं मुंबईहून परत आली, ती रांगेत. तेव्हा ‘त्याने वशिला लावला’ म्हणण्याआधी पुरवठा शाखेत जाऊन आपल्या गावाचा इष्टांक शिल्लक आहे का हे विचारा. अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि सही बघून घ्या. मयत माणसांची आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं कमी झाली की जागा होते, त्यामुळे आपल्याच कार्डावरची अशी नावं आधी कमी करून घ्या.

आणि ज्याच्या कार्डावर शिक्का आहे त्याला धान्य सहज मिळतं असंही नाही. काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या बाईचा हात कधी जवळून बघा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावली, तेल लावलं तरी अंगठा आणि पहिली दोन बोटं काळी, गुळगुळीत होतात. रेषा उरत नाहीत. चिरेखाणीवरच्या माणसाचं तेच. दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवा, पुन्हा लाल. मागे रांग वाढत असते आणि कुणीतरी बोलतंच, ‘फुकटचं न्यायला एवढा वेळ.’ अशा वेळी करंगळी आणि अनामिका लावून बघावी, त्यांच्या रेषा बऱ्याचदा शाबूत असतात. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीची सोय विचारावी, डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवणारं यंत्र दुकानात असेल तर ते मागावं. घरातल्या दुसऱ्या कुणाचं ई-केवायसी झालं असेल तर त्याच्या अंगठ्यावर घरचं धान्य उचलता येतं. अजिबातच दाद मिळत नसेल तर १९६७ हा पुरवठा खात्याचा मदत क्रमांक.

मदत घेणारा सुखात दिसतो त्याचं एक साधं कारण पैसे येण्याच्या पद्धतीत आहे. पगार महिन्याला येतो आणि किराणा, वीज, हप्ता यात विरघळतो. योजनेचे पैसे अडून अडून एकदम येतात. लाडकी बहीणचे पहिले पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या आधी आले ते दोन महिन्यांचे मिळून ३,०००. दिवाळीआधीही असेच दोन महिने एकत्र. घरात एकदम तीन हजार आले की बाई मिक्सर घेते, मुलीला कानातलं घेते, राहिलेली उधारी चुकवते. मिक्सर दिसतो, चुकवलेली उधारी दिसत नाही. बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सवाल्याची आठवड्याची वसुली, जूनपासून चढणारं किराणा दुकानाचं खातं, यातलं काहीही शेजारच्या पडवीतून दिसत नाही. मासळीवर जगणाऱ्या घरांत १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्यालाच. त्या दोन महिन्यांचं कर्ज नारळी पौर्णिमेनंतर फिटायला लागतं.

घराचंही तसंच. ‘चिरेबंदी दोन मजली घर आणि आईला निराधारचं मानधन’ हे आपण सहज बोलतो. त्या घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीची नोंद, कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा मुंबईच्या भावाच्या, नाहीतर चार भावांच्या सामाईक. वरचा मजला चाकरमान्याने बांधलेला, तो गणपतीत आणि मे महिन्यात उघडतो. खाली राहणाऱ्या म्हातारीच्या ताटात त्या मजल्यामुळे काही वाढलं जात नाही. घरकुलाचं सांगायचं तर प्रधानमंत्री आवास योजनेचे सपाट भागातले १,२०,००० हे कमीत कमी २५ चौरस मीटरच्या बांधकामासाठी आहेत, तेही टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचा जागेवरून फोटो चढल्यावर. चिरा, वाळू, वाहतूक आणि मजुरी धरली की तेवढ्यात घर पुरं होत नाही. उरलेलं कर्जच असतं. सामाईक जमिनीत तर सगळ्या हिस्सेदारांची संमतिपत्रं गोळा करता करताच माणूस थकतो.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतरच्या भरपाईने तुटलेल्या मैत्र्या अजून जुळलेल्या नाहीत. बागायतीला हेक्टरी ५०,००० जाहीर झाले. ऐकायला मोठे, पण हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे. सुपारीची वाडी पाच गुंठ्यांची असेल तर हिशेबाने २,५०० रुपये. शेजाऱ्याच्या नावावर क्षेत्र जास्त म्हणून त्याला जास्त मिळाले, झाडं कदाचित सारखीच पडली होती. नारळ-सुपारीच्या वाडीला हेक्टराचं माप लावलं की असं होणार. पण बोलणं बंद झालं ते शेजाऱ्याशी.

मग भांड्यांच्या संचाचं काय, तो तरी आमच्या करातून ना? नाही. बांधकाम कामगार मंडळाचा पैसा १९९६ च्या कायद्याने बांधकामांवर लावलेल्या १ टक्का उपकरातून येतो. बिल्डर आणि बांधकाम करणारी खाती तो भरतात. कामगाराचं वय १८ ते ६० असावं लागतं आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्या खोक्यातली परात गवंड्याने शिडीवर उभं राहून मिळवलेली आहे. मात्र कधी विटेला हात न लावलेल्यांनीही असे दाखले मिळवले असतील, तर ती चोरी खऱ्या गवंड्याच्या खिशातून आहे आणि तिच्याविरुद्ध बोलायलाच हवं.

खोटं उघड दिसत असेल तेव्हा काय करावं? मयत माणसाच्या नावाने मानधन उचललं जातंय, सरकारी नोकराची बायको यादीत आहे, एकाच घरकुलावर दोनदा पैसे निघालेत, असं असेल तर तहसीलच्या संबंधित शाखेत सहीनिशी अर्ज द्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, आणि अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील खात्यांनी आपणहून जाहीर करावा असं २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे. निनावी पत्र मात्र टाकू नका. निनावी पत्रावरून चौकशी सुरू झाली की एकाचं घर न बघता अख्ख्या वाडीचे कागद मागवले जातात. मग ज्या म्हातारीला खरंच कुणी नाही तिचेही पैसे थांबतात. आणि पत्र कुणाचं हे वाडीत आठ दिवसांत कळतं.

मित्राशी बोलायचं तर चारचौघांत नको. ‘पासबुक दाखव’ हे कधीच नको. वर्गणी सगळ्यांची सारखीच ठेवा. ‘तुला तर येतात, तू जास्त घाल’ म्हटलं की तो माणूस उत्सवात मागच्या रांगेत जाऊन बसतो. त्याने हातउसने मागितले आणि द्यायचे नसले तर ‘आता नाहीत’ म्हणा, योजनेचं नाव काढू नका.

विचारायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा : ‘अरे, तुला कागद कुठले लागले?’ ज्याने चार वर्षं चपला झिजवल्या आहेत त्याला दाखले देणाऱ्या सेतू केंद्रापेक्षा जास्त माहिती असते. तलाठी कुठल्या वारी सजावर बसतात, कुठल्या अर्जाला फोटो लागतो, बँकेत आधार जोडलेलं असून पैसे का परत जातात, हे सगळं त्याला पाठ असतं.

पतसंस्थेतल्या मित्राला पीएम किसान येत नाही त्याचं कारणही बहुधा सातबारावर सापडेल. वर अजून आजोबांचं नाव, खाली पंचवीस हिस्सेदार, आणि वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी वारस नोंद नाही. गवंड्याच्या घरी ती वेळेवर झाली. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर हवी अशी अट आहे, पण वारसाने आलेल्या जमिनीला ती तारीख आड येत नाही. आधी आजोबांची, मग वडिलांची, अशी क्रमाने नोंद करायची. प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून, आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या यात हव्यातच. त्यांना गाळलं की पंधरा दिवसांच्या नोटिशीत हरकत येते आणि नोंद लटकते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक, मग पीएम किसानची नवी नोंदणी, ई-केवायसी आणि आधारला जोडलेलं बँक खातं, याच क्रमाने. तलाठी कार्यालयात जाताना मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घ्या, आठवड्याच्या बाजाराचा दिवस टाळा, आणि जमलं तर गवंड्याला बरोबर घ्या. पावसाळ्यात त्याच्याकडे वेळ असतो.